मदत हवी आहे: टिडलीविकीतून ऑटोकॅड उघडत नाही

नळस्टॉप: टिडलीविकीत (ब्राउझरमध्ये चालणारी नोंदवही) साइटवार टिपणं आहेत. बाणेरच्या नोंदीतल्या लिंकवर क्लिक केलं की ऑटोकॅडमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) ते ड्रॉइंग उघडायला हवं. काहीच होत नाही. सोमवारी महापालिकेत नकाशे द्यायचेत, लवकर सांगा.

मुठेकाठी: विंडोज की लिनक्स? ब्राउझर कुठला? विकी डबलक्लिकने उघडता की सर्व्हरवरून?

पर्वतीपायथा: ऑब्सिडियन हे नोंदींचं दुसरं अ‍ॅप घ्या. टिडलीविकीची एकच फाइल फुगत जाते.

नळस्टॉप: विंडोज १०, क्रोम, विकी नोड सर्व्हरवरून, पोर्ट ८०८०. विकी बदलायची नाहीये.

मुठेकाठी: मग तिथेच अडलंय. एचटीटीपीवरून (म्हणजे सर्व्हरवरून) आलेल्या पानातली फाइल-लिंक क्रोम चालू देत नाही. एफ१२ दाबा, कन्सोलमध्ये 'नॉट अलाउड टू लोड लोकल रिसोर्स' दिसेल. स्वतःचा प्रोटोकॉल, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचा 'उघड:' असा शब्द, विंडोजमध्ये नोंदवा. रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) करंट युजर > सॉफ्टवेअर > क्लासेसखाली 'उघड' ही की करा (रोमन लिपीत, देवनागरी चालत नाही). तिच्यात 'यूआरएल प्रोटोकॉल' ही रिकामी स्ट्रिंग हवीच, नाहीतर विंडोज तिला प्रोटोकॉल मानत नाही. मग शेल > ओपन > कमांड, त्याच्या डिफॉल्टमध्ये ड्रॉइंग उघडणाऱ्या स्क्रिप्टचा (छोट्या प्रोग्रामचा) पूर्ण पाथ आणि अवतरणात %१ (क्लिक केलेला पत्ता तिथे येतो). स्क्रिप्टला 'उघड:' सकट अख्खा पत्ता मिळतो, त्यातलं 'उघड:' आधी छाटा. विकीत दुहेरी चौकटी कंस नकोत, अनोळखी प्रोटोकॉल दिसला की टिडलीविकी त्याला टिडलरचं (विकीतल्या एका नोंदीचं) नाव समजते. 'एक्स्ट' लिंक (बाहेरच्या पत्त्यासाठीची) वापरा.

कर्वेपुतळा: थांबा, पत्त्यातून फाइलचा पाथ पाठवू नका! नोंदवलेला प्रोटोकॉल कुठलंही संकेतस्थळ वापरू शकतं. फक्त 'बाणेर३' अशी खूण पाठवा, कुठल्या खुणेला कुठली फाइल ती यादी स्क्रिप्टमध्ये ठेवा. यादीत नाही तर काही उघडायचं नाही.

मुठेकाठी: क्रोम आधी विचारतोच की.

कर्वेपुतळा: विचारतो, पण कुठली फाइल उघडणार ते दाखवत नाही. लोक न वाचता 'उघडा' दाबतात. शिवाय स्क्रिप्ट म्हणून बॅच फाइल घेतली आणि तीत %~१ लिहिलं की अवतरणं गळतात आणि पत्त्यातल्या & पुढची आज्ञाही चालते. स्क्रिप्ट पॉवरशेलमध्ये लिहा आणि कमांडमध्ये ती '-फाइल'ने चालवा. '-कमांड'ने तोच धोका राहतो.

कसबापेठ: लिनक्सवाल्या उबंटूवर सोपं आहे. डेस्कटॉप फाइलच्या माइमटाइपमध्ये 'एक्स-स्कीम-हँडलर/उघड' लिहा, अपडेट-डेस्कटॉप-डेटाबेस चालवा.

मुठेकाठी: त्यांचं विंडोज आहे हो.

पर्वतीपायथा: गुरुवारी वीज गेली की एका फाइलवाल्यांचं न सेव्ह केलेलं सगळं जातं, त्याचं काय?

कर्वेपुतळा: ते नोडवर आहेत, तिथे प्रत्येक टिडलर वेगळ्या फाइलमध्ये लगेच सेव्ह होतो. बॅकअपचा वेगळा धागा काढा.

नळस्टॉप: ड्रॉइंग उघडलं! खुणांची यादीही केली. पण दर वेळी एक रिकामा टॅब राहतो.

मुठेकाठी: एक्स्ट लिंक नव्या टॅबमध्येच उघडते. त्याऐवजी साधा एचटीएमएलचा 'ए' टॅग लिहा, 'टार्गेट' देऊ नका.