व्यायामानंतर काय खावं? साखर कमी आणि प्रोटीन जास्त हवंय

पायवाट:
जरा लवकर उत्तर हवंय. व्यायाम झाला की सपाटून भूक लागते. साखर कमी आणि प्रोटीन भरपूर असं काय खाता येईल? प्रोटीन बार खाऊन बघितले, पोट फुगतं, म्हणजे मला दुधाचं चालत नसणार. व्यायाम करतो तिथे स्वयंपाकघर नाही, पिशवीतून काढून पटकन खाता येईल असंच सुचवा. कृपा करून "संतुलित आहार घ्या" असं सांगू नका.

दोरीउडी:
शेंगदाणे. मूठभर खायचे, वर पाणी प्यायचं, विषय संपला. १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रोटीन आणि साखर नावाला. मी वर्षानुवर्षं हेच खातेय.

हिशेबी:
शेंगदाणे चांगलेच, पण १०० ग्रॅम कोण खातं? मूठभर म्हणजे ३० ग्रॅम धरा, त्यात प्रोटीन ७-८ ग्रॅम. २० ग्रॅम हवं असेल तर ८० ग्रॅम खावे लागतील, म्हणजे साडेचारशे कॅलरी, कारण निम्मं वजन तेलाचं. बदामांचंही तेच. तेवढंच प्रोटीन ३ मोठ्या अंड्यांतून जवळपास मिळतं (एकात ६ ग्रॅम) आणि कॅलरी निम्म्याच. शेंगदाणा हे आधी चरबीचं खाणं आहे, प्रोटीन त्यासोबत येतं.

दोरीउडी:
चरबी म्हटलं की लोक दचकतात. शेंगदाण्यातली चरबी चांगली असते. आणि भूक मारायला तीच उपयोगी पडते, अंडी खाऊन तासाभरात परत भूक लागते.

हिशेबी:
चांगली-वाईट हा मुद्दाच नाही. प्रश्न "प्रोटीन भरपूर" असा आहे. युरोपीय संघाच्या नियमात एखाद्या पदार्थावर "हाय प्रोटीन" लिहायचं तर त्यातल्या किमान २० टक्के कॅलरी प्रोटीनमधून याव्या लागतात. शेंगदाण्याचं गणित करा: २५ ग्रॅम गुणिले ४ म्हणजे १००, भागिले साधारण ५७०. साडेसतरा टक्के. थोडक्यात हुकतं, पण हुकतंच.

चांदणवेल:
अहो पायवाट, आधी थोडी माहिती द्या ना. व्यायाम कसला, वजनं उचलता की धावता? किती वेळाने जेवता? अंडी, मासे चालतात का? आणि "साखर कमी" का हवीय, वजनासाठी की आणखी काही कारण आहे? त्यावर उत्तर पार बदलतं.

गजरवाला:
व्यायामानंतर ३० मिनिटांच्या आत प्रोटीन गेलं नाही तर मेहनत वाया जाते. व्हे पावडर (दुधाच्या निवळीपासूनचं प्रोटीन) घ्या, एक चमचा पाण्यात, झालं काम. बाकी सगळं वेळखाऊ आहे.

चांदणवेल:
मेहनत वाया वगैरे जात नाही हो. व्यायामानंतर स्नायू कितीतरी तास प्रोटीन वापरायला तयार असतात. क्रीडापोषणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं २०१७ चं निवेदन आहे: एका वेळी २० ते ४० ग्रॅम, आणि दिवसभरात मिळून वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.४ ते २ ग्रॅम. दिवसाची बेरीज जमली की घड्याळाकडे एवढं बघायचं कारण नाही. उपाशीपोटी व्यायाम केला असेल तर मात्र लवकर खाल्लेलं बरं.

गजरवाला:
निवेदनं काहीही म्हणोत, माझा स्वतःचा अनुभव आहे. पावडर सुरू केल्यापासून अंग दुखायचं थांबलं.

पायवाट:
संध्याकाळी, आधी वजनं आणि मग सायकल. जेवायला त्यानंतर दोन-अडीच तास. अंडी चालतात, मासेही. घरच्यांनी बार आणायला सांगितले म्हणून बार सुरू केले. वेष्टनावरचं लिहून देतो, हे चांगलं की वाईट तेवढं सांगा: वजन ६० ग्रॅम, २३० कॅलरी, प्रोटीन २०, कर्बोदकं २४, त्यात साखर २, पॉलिऑल १७, चरबी ९. घटक: दुधाचं प्रोटीन, माल्टिटॉल सिरप, कोलॅजेन हायड्रोलायसेट, पाम तेल, कोको, चवीसाठी काहीतरी.

हिशेबी:
हे लिहिलंत ते बरं झालं, सगळं त्यातच आहे.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. दुसऱ्याच नंबरावर माल्टिटॉल आहे. हा शर्करा-अल्कोहोल, म्हणजेच वेष्टनावरचं पॉलिऑल, साखरेच्या ओळीत मोजत नाहीत म्हणून तिथे फक्त २ दिसतात. पण तो पूर्ण निरुपद्रवी नाही. साखरेपेक्षा कमी असला तरी रक्तातली साखर वाढवतोच, आणि लहान आतड्यात अर्धवटच शोषला जातो. उरलेला मोठ्या आतड्यात आंबतो. एका वेळी १७ ग्रॅम गेल्यावर पोट फुगलं तर नवल नाही. तुम्ही दुधाला दोष देताय, पण नुसतं दूध प्यायल्यावरही असंच होतं का?

तिसरा घटक कोलॅजेन, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांतलं प्रोटीन. त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसतंच, स्नायू बांधायला लागणारं ल्युसिनही कमी. स्नायूंना जे हवं ते त्यातून फारसं मिळत नाही, पण वेष्टनावरचा २० हा आकडा मात्र फुगतो.

दोरीउडी:
बघा, म्हणून म्हणते शेंगदाणे.

पायवाट:
नुसतं दूध चालतं, दही पण. बार खाल्ला तरच त्रास. मग दूधच घेऊ का?

चांदणवेल:
चालत असेल तर दही उत्तम, आणि चक्का त्याहून उत्तम. साध्या दह्यात १०० ग्रॅमला ३.५-४ ग्रॅम प्रोटीन, पाणी निथळून गेलं की ८ ते १० पर्यंत जातं आणि पाण्याबरोबर दुधाची साखरही थोडी निघून जाते. रात्री फडक्यात बांधून ठेवायचं, झाकणाच्या डब्यात भरून थंड पिशवीत न्यायचं. मात्र बिनसाखरेचं. फळांच्या स्वादाचं विकतचं दही घेतलंत तर छोट्या डब्यातसुद्धा दोन-तीन चमचे साखर सहज असते (४ ग्रॅम म्हणजे एक चमचा). दुधात १०० मिलिलिटरला सुमारे ५ ग्रॅम साखर दिसेल, ती दुधाची स्वतःचीच, तिला घाबरायचं कारण नाही.

माझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. साखर कमी का?

मोरपीस७:
वजन कमी करायचं असेल तर व्यायामानंतर काहीच खाऊ नका. सकाळी उपाशीपोटी चाला. माझं असंच कमी झालं. शिवाय क्रिएटिन सुरू करा, पाण्यात विरघळणारं घ्या.

हिशेबी:
मोरपीस, वजनाचं कुणी विचारलेलं नाही, आणि त्यांचा व्यायाम संध्याकाळचा आहे.

पायवाट:
डायबेटीस आहे, गोळी चालू आहे. म्हणूनच साखर नको. व्यायामानंतर हात थरथरतात, घाम येतो, भूक अशी लागते की काही सुचत नाही. त्यासाठीच प्रोटीन हवंय.

चांदणवेल:
थांबा. ही साधी भूक नसेल. थरथर, घाम, काही न सुचणं ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. गोळी कोणती? नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर फार खाली जाणं विरळा. ग्लिमेपिराइड किंवा त्या गटातली (शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावणारी) असेल तर व्यायामाने ती नक्की उतरू शकते, इन्सुलिनचंही तसंच.

ग्लुकोमीटर आहे का? थरथर सुरू झाली की लगेच मोजा. ७० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) च्या खाली असेल तर त्या क्षणी अंडं, दही, शेंगदाणे यांतलं काहीही कामाचं नाही. प्रोटीनने साखर पटकन चढत नाही आणि चरबीने तर उशीरच होतो. १५ ग्रॅम पटकन शोषली जाणारी साखर घ्यायची: ग्लुकोजच्या गोळ्या किंवा अर्धा पेला फळांचा रस. १५ मिनिटांनी परत मोजायचं, अजून कमी असेल तर परत तेवढीच. वर आली की मग तुमचं प्रोटीन. मोजायला काही नसेल आणि लक्षणं असतील तर आधी साखर घ्या, मोजणं नंतर.

गजरवाला:
डायबेटीसवाल्याला साखर खायला सांगताय?

चांदणवेल:
हो, साखर उतरलेली असेल तेव्हा. न घेता तसंच सायकलवर बसलं तर शुद्ध जाऊ शकते. रोज गोड खा असं मी म्हणत नाहीये.

हिशेबी:
चांदणवेल यांच्याशी पूर्ण सहमत, माझे वरचे आकडे यानंतरचे समजा. आणि पायवाट, व्यायामाआधीही मोजत जा. त्या गटातली गोळी असेल आणि आकडा ९० च्या खाली असेल तर आधी थोडी कर्बोदकं खाऊन मगच सुरुवात करायची. परिणाम व्यायामानंतर कितीतरी तासांनी, अगदी रात्री झोपेतही दिसू शकतो, म्हणून झोपण्याआधीचा आकडाही लिहून ठेवा. गोळी मनाने बंद किंवा कमी करू नका, हे सगळं डॉक्टरांना सांगा.

पायवाट:
गोळी ग्लिमेपिराइडच आहे, मेटफॉर्मिनबरोबर. आज मोजलं, सायकलनंतर ६४ होतं. रस प्यायलो, पंधरा मिनिटांनी ८८. डॉक्टरांना फोन केला, व्यायामाचं त्यांना ठाऊक नव्हतं. उद्या सगळे आकडे घेऊन बोलावलंय, गोळीचा डोस बघू म्हणाले. ग्लुकोजच्या गोळ्या पिशवीत टाकल्यात. नंतर खायला दोन उकडलेली अंडी आणि डबाभर चक्का नेणार आहे, चालेल ना?

चांदणवेल:
चालेल. २०० ग्रॅम चक्का धरला तर सगळं मिळून प्रोटीन तीसच्या आसपास जाईल. अंडी सोलूनच न्या, आणि थंड पिशवीत बर्फाचं पाकीट ठेवा. सायकल चालवता तिथे कुणाला तरी सांगून ठेवा तुम्हाला डायबेटीस आहे म्हणून.

दोरीउडी:
पायवाट, काळजी घ्या. उद्या डॉक्टर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.

मोरपीस७:
कोलॅजेनचं वर वाचलं. गुडघ्यांसाठी घेतलं तर चालतं का मग?

हिशेबी:
त्याला वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.