फ्रिजमधल्या प्लास्टिकच्या बाटल्या काढून सगळ्या काचेच्या घ्याव्यात का?

वऱ्हाडकन्या (अकोला)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी विचारतेच. आमच्या फ्रिजच्या दारात सगळ्या प्लास्टिकच्या बाटल्या आहेत, काही चांगल्या कंपनीच्या, काही कशावर तरी फ्री आलेल्या आणि दोन-तीन तर कोल्ड्रिंकच्याच, धुऊन धुऊन वापरतोय. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला माहितीच आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, गाडीत राहिलेली बाटली संध्याकाळी उघडली की पाण्याला असा वास येतो की घोटभरसुद्धा घेववत नाही. परवा एक जुनी बाटली उजेडात धरून बघितली तर आतून बारीक चरे पडलेत आणि चरांमध्ये हिरवट थर बसलाय, ब्रशने घासून घासून निघत नाही. तेव्हाच ठरवलं की आता काचेच्या घ्यायच्या.

पण प्रश्न बरेच आहेत. सासूबाईंना संधिवात आहे, जड वस्तू उचलताना हात थरथरतो, आणि सकाळी त्यांना गरम पाणी बाटलीत भरून ठेवायची सवय आहे. मुलगी चौथीत आहे. हे बाइकवर एमआयडीसीत जातात. दुकानात बोरोसिलिकेट म्हणून एक प्रकार आहे आणि साधी काच म्हणून दुसरा, किमतीत दुप्पट-तिप्पट फरक, आणि झाकण तर दोन्हीला प्लास्टिकचंच. मग उपयोग काय? ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

काचपात्र (पुणे)

ताई, मी लॅबमध्ये काम करतो, दिवसभर काचच हाताळतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी सासूबाईंच्या गरम पाण्याचं, कारण तुमच्या घरात सगळ्यात आधी बदलायला हवी ती हीच बाटली. प्लास्टिकमधून पाण्यात जे काही उतरतं ते उष्णतेने वाढतं. कोल्ड्रिंकची बाटली पेट प्लास्टिकची असते, तळाशी त्रिकोणात १ आकडा दिसेल. पेट बनवताना अँटिमनी नावाच्या मूलद्रव्याचं संयुग वापरतात, त्याचा अंश पाण्यात उतरतो, एरवी तो फार कमी असतो पण तापमान चढलं की वेग वाढतो. शिवाय ही बाटली गरम पाण्यासाठी बनलेलीच नाही, आकसते. त्रिकोणात ७ असेल तर ते पॉलिकार्बोनेट असू शकतं, त्यात बीपीएचा (बिस्फेनॉल-ए, हे प्लास्टिक बनवताना वापरतात ते रसायन) प्रश्न येतो. बाळांच्या दूधबाटल्यांसाठी हे प्लास्टिक आपल्याकडे चालत नाही आणि युरोपियन युनियनने २०२४ च्या डिसेंबरमध्ये खाण्यापिण्याला लागणाऱ्या वस्तूंमधल्या बीपीएवर बंदीचा निर्णय घेतला. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ते या सगळ्यांत बरं, पण आतून चरे पडले की कुठलाही आकडा असला तरी ती बाटली काढून टाकायची. चरांमध्ये बसलेला थर साबणाने जात नाही.

आता काच. साधी काच म्हणजे वाळू, सोडा आणि चुना, सरबताच्या-सॉसच्या बाटल्या असतात ती. बोरोसिलिकेटमध्ये बोरॉन ऑक्साइड साधारण १२-१३ टक्के असतं, त्यामुळे तापल्यावर ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश फुगते. तडकण्याचं कारण हे फुगणंच. उकळतं पाणी ओतलं की आतला थर लगेच फुगतो, बाहेरचा थंडच असतो, त्या ओढाताणीत काच तडकते. आणि लोकांना वाटतं जाड काच मजबूत, तर गरम पाण्यासाठी साधी काच जितकी जाड तितका धोका जास्त, कारण बाहेरपर्यंत उष्णता पोचायला वेळ लागतो.

म्हणजे गरम पाणी भरणार असाल तर बोरोसिलिकेटला पैसे घाला. नुसतं फ्रिजचं गार पाणी ठेवायचं असेल तर साधी काच पुरते, उगाच तिप्पट पैसे देऊ नका. फक्त दोन गोष्टी. काठोकाठ भरून फ्रीजरमध्ये टाकायची नाही, पाण्याचा बर्फ होताना ते साधारण ९ टक्के फुगतं आणि काचेला ताणायला जागाच नसते. आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीत लगेच गरम ओतायचं नाही, बोरोसिलिकेट असली तरी नाही.

बाजारात साधी काच बोरोसिलिकेट म्हणून खपवतात असा माझा अनुभव आहे. कड उजेडात आडवी धरून बघा, हिरवट झाक दिसली तर बहुधा साधी. अजून पक्की खूण हवी असेल तर घरी काचेच्या वाडग्यात रिफाइंड तेल घ्या आणि बाटलीचा तळ त्यात बुडवा. तेल आणि बोरोसिलिकेट, दोन्हींमधून प्रकाश जवळपास सारखाच वळतो, त्यामुळे बाटली बोरोसिलिकेटची असेल तर तेलातला भाग दिसेनासा झाल्यासारखा होतो. साधी काच तेलातही स्पष्ट दिसत राहते. आमच्याकडे नवीन आलेल्या पोरांना काचेची कांडी तेलात बुडवून हे दाखवतो, डोळे विस्फारून बघतात.

कराडची_काकू

वर दादांनी तडकण्याचं लिहिलंय ते आमच्या पिढीला कंदिलामुळे माहिती आहे, पेटलेल्या कंदिलाच्या काचेवर पाण्याचा थेंब उडाला की टचकन तडा जायचा. आमच्या इथल्या ओगलेवाडीचा कारखाना १९१६ चा, प्रभाकर कंदील तिथलाच, आणि तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना तर त्याच्याही आधी १९०८ मध्ये, लोकांकडून एक एक पैसा गोळा करून उभा केलेला. आपल्या माणसांनी काच किती कष्टाने इथे रुजवली ते आठवलं की बरं वाटतं, म्हणून लिहिलं.

आता कामाचं. वऱ्हाडकन्या, तुझ्या सासूबाईंना एक लिटरची काचेची बाटली अजिबात देऊ नकोस गं. रिकामीच अर्ध्या किलोच्या आसपास भरते, त्यात लिटरभर पाणी म्हणजे दीड किलो, आणि ओल्या हातातून सटकते. मला स्वतःला मनगटाचा त्रास आहे, मी अर्ध्या लिटरची रुंद तोंडाची घेतली, वर सिलिकॉनचं कव्हर आहे त्यामुळे पकड बसते. कव्हर नसेल तर जुना जाड मोजा कापून चढव, तेवढ्याने भागतं. रुंद तोंड घे, म्हणजे ब्रश आत जातो. चिंचोळ्या तोंडाची घेतली की तळाचा कोपरा कायम राहून जातो, मग चमचाभर तांदूळ आणि थोडं व्हिनेगर घालून खळखळवायची.

बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्याने काच आतून पांढुरकी होते, ते क्षार असतात, घाण नव्हे. कोमट पाण्यात लिंबूफूल विरघळवून रात्रभर ठेव, सकाळी लख्ख होते. तारेच्या घासणीने खरवडू नकोस.

आणि काठाचा टवका उडाला की ती बाटली त्याच दिवशी बाद, कितीही जीव असला तरी. फुटलेली काच कचऱ्यात तशीच टाकायची नाही, कागदात दोन-तीन पदर गुंडाळून वर लाल पेनाने मोठ्ठं "काच" लिहायचं आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईंच्या हातात वेगळं द्यायचं. त्या हाताने कचरा वेगळा करतात, त्यांचे हात कापतात हे आपल्या लक्षातच येत नाही.

सकाळची_८_१२ (डोंबिवली)

घरात काच, बाहेर स्टील, आमचा विषय एवढाच आहे. लोकलच्या गर्दीत सॅक पुढे घेऊन उभं राहायचं आणि चारी बाजूंनी लोक दाबतायत, त्यात काचेची बाटली म्हणजे स्वतःलाही धोका आणि शेजारच्यालाही. तुमच्या मिस्टरांना बाइकवर काच देऊ नका, खड्ड्यात सॅक आपटते. मुलीच्या शाळेतही स्टीलच, एका थराची साधी हलकी घ्या, थर्मासवाली लहान मुलांना जड होते. तांब्याची देणार असाल तर लिंबू सरबत, ताक असलं आंबट काही त्यात भरायचं नाही एवढं तिला सांगून ठेवा.

शंकेखोर

काच घ्या, मीही घेतलीय. पण काच घेतली म्हणजे मायक्रोप्लास्टिक, म्हणजे पाण्यातले प्लास्टिकचे बारीक कण, संपलं असं कुणी समजू नये म्हणून लिहितोय.

२०२४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आला, बाटलीबंद पाण्यात लिटरमागे सरासरी २,४०,००० प्लास्टिकचे कण, त्यातले ९० टक्के नॅनो आकाराचे, म्हणजे मायक्रोपेक्षाही बारीक. ही बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली. पण त्यातली एक गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही, त्या कणांमध्ये बाटलीच्या पेटपेक्षा पॉलिअमाइड, म्हणजे नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक जास्त होतं आणि ते बहुधा पाणी शुद्ध करायच्या फिल्टरमधून आलं असावं असं त्या लोकांचं म्हणणं. आपल्या घरच्या आरओचा मेंब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदाही त्याच जातीचा असतो. गच्चीवरची टाकी प्लास्टिकची, पाइप प्लास्टिकचे, आरओची टाकी प्लास्टिकची, आणि मग शेवटी काचेची बाटली. शेवटचा टप्पा सुधारला हे चांगलंच, पण सुधारला तो शेवटचाच टप्पा.

दुसरं म्हणजे २०२५ मध्ये फ्रान्सच्या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने उलटंच काहीतरी दाखवलं. काचेच्या बाटल्यांतल्या बिअर-कोल्ड्रिंकमध्ये लिटरमागे सरासरी १०० च्या आसपास कण, प्लास्टिकच्या बाटलीपेक्षा कितीतरी जास्त. पाण्यात फरक कमी, काचेत ४.५ आणि प्लास्टिकमध्ये १.६. लोक म्हणाले बघा काच वाईट. पण कण आले कुठून तर पत्र्याच्या बुचावरच्या रंगातून, बुचं एकमेकांवर घासून रंगाचे कण सुटतात. बुचं हवेने फुंकून आणि धुऊन बसवल्यावर प्रमाण बरंच खाली आलं. तुम्ही घरी भरून पिणार, तुमच्या बाटलीला तसं बूच नाही, त्यामुळे तो निष्कर्ष तुम्हाला जसाच्या तसा लागू होत नाही. आणि हे दोन्ही अभ्यास वेगवेगळ्या आकाराचे कण मोजतात, त्यामुळे २,४०,००० आणि ४.५ हे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, व्हॉट्सॲपवर तेच चाललंय.

म्हणून ताई, तुमचा झाकणाचा प्रश्न अगदी बरोबर आहे. प्लास्टिकचं झाकण सारखं उघडबंद केलं की आटे घासून त्याचेही कण पडतात. स्टीलचं झाकण आणि आत सिलिकॉनची रिंग अशी मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर निदान बाटली आडवी ठेवू नका, उभी ठेवली की पाणी झाकणाला लागत नाही. आणि बाहेरून रंगीत नक्षी-प्रिंट असलेली नको, काचेवरच्या रंगांत शिसं आणि कॅडमियम सापडलेलं आहे. साधी पारदर्शक घ्या.

अजून एक, जुन्या प्लास्टिकच्या बाटल्या बाद कराल तेव्हा त्यात फिनेल, थिनर, रॉकेल असलं काही भरून ठेवू नका. लहान मूल पाणी समजून तोंडाला लावतं.

वऱ्हाडकन्या

बापरे, केवढं सविस्तर लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. आमच्याकडेही आरओच आहे, त्यामुळे शंकेखोर यांचं वाचून जरा खट्टू झाले पण माहिती झालं ते बरंच झालं. मग आता असं ठरवलंय, सासूबाईंना अर्ध्या लिटरची बोरोसिलिकेट, कव्हर घालून. फ्रिजमध्ये साध्या काचेच्या चार, त्या दारात न ठेवता आतल्या कप्प्यात, कारण मुलगी दार धाडकन उघडते. हे आणि मुलगी स्टील. कोल्ड्रिंकच्या आणि चरे पडलेल्या आधी बाद करते, बाकीच्या चांगल्या प्लास्टिकच्या आहेत त्यांचं काय करू? आणि सिलिकॉनची रिंग काळी पडते का?

काचपात्र (पुणे)

चांगल्या असतील त्या लगेच फेकू नका, गार पाण्याला, घरात, उन्हापासून लांब चालतील, चरे पडले की काढा. काच तयार करायला भट्टी साधारण १५०० अंशांवर तापवावी लागते आणि वजनामुळे वाहतुकीलाही इंधन जास्त जातं, त्यामुळे काच घेतली तर ती वर्षानुवर्षं वापरली तरच त्याला अर्थ आहे. आणि भविष्यात बोरोसिलिकेट फुटली तर भंगारात साध्या बाटल्यांच्या काचेत मिसळू नका, ती वितळायला जास्त उष्णता लागते आणि त्यांचा लॉट खराब होतो.

रिंग काळी पडते, हो. झाकण ओलं बंद करून ठेवलं की बुरशी धरते. आठवड्यातून एकदा सुरीच्या बोथट बाजूने रिंग काढून खाचेसकट धुवा आणि पूर्ण वाळल्यावर बसवा. घेतानाच दुकानदाराला विचारा की रिंग आणि झाकण सुटं मिळतं का, कारण काच टिकते, रिंग आधी जाते, आणि सुटी मिळत नसली तर नुसत्या रिंगसाठी चांगली बाटली पडून राहते.