घर आत्ताच मुलांच्या नावे करावे की मृत्युपत्र करावे?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर):
वडील ७४ वर्षांचे आहेत, आई ७१ वर्षांची. पेठेतील घर वडिलांचे स्वकष्टार्जित, तर करवीर तालुक्यातील उसाची जमीन वडिलोपार्जित आहे. आम्ही दोघे भाऊ, एक बहीण. मुलांना राहते घर बक्षीसपत्राने देताना मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये लागते, म्हणून ते आत्ताच उरकावे, असे वडील म्हणतात. पण पुढचे औषधपाणी पाहता मला धाकधूक वाटते.

पहिले उत्तर:
घाई करू नये. बक्षीसपत्राने मालकी लगेच जाते. मृत्युपत्र मात्र वडिलांना हयातीत केव्हाही बदलता येते, त्याची नोंदणी सक्तीची नाही आणि त्यावर लाभार्थी नसलेल्या दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर आईवडिलांच्या सांभाळाची अट त्यात स्वच्छ शब्दांत लिहून घ्या, कारण मुलांनी सांभाळ न केल्यास बक्षीसपत्र रद्द करून घेण्यासाठी आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ चा आधार त्या अटीवरच मिळतो. जमिनीत बहिणीचा हिस्सा भावांइतकाच आहे, हे आताच मान्य करा.

दुसरे उत्तर:
सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट नाही. दोघांची कार्डे आधी काढा. मात्र तिचा उपयोग रुग्णालयात दाखल झाल्यावरच होतो. रोजच्या गोळ्या, डायपर, रात्री सोबतीला ठेवलेली बाई, हा खर्च महिनोन्महिने खिशातूनच जातो. त्यासाठी ठेवी वडिलांच्याच नावे राहू द्याव्यात, आणि खात्यावर आईचे नाव जोडावे.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. रविवारी बहिणीलाही बोलावून घेतो.