मदत हवी आहे : टोबा सरोवराला किती दिवस ठेवू? आज रात्री तिकीट काढायचंय

गुलमंडी :
टोबाला जायलोय, सुमात्रातलं ज्वालामुखीचं सरोवर. तीन दिवस पुरतील की पाच लागतील? तिथल्या मूळ लोकांची राहणी, घरं, कापड नीट बघायचंय. नुसते फोटो काढून परत यायचं नाही. तिकिटाचे भाव तासातासाला बदलायलेत, त्यामुळं लवकर सांगा. यूट्यूबच्या लिंका देऊ नका, बघून झाल्या. ज्यांनी स्वतः पाहिलंय त्यांनीच लिहा.

परभणी_ते_पिनांग :
मी मलेशियात नोकरीला आहे, टोबाला दोनदा जाऊन आलो. पण भाऊ, कोण कोण जायलाय? कोणत्या महिन्यात? मेदानच्या क्वालानामूला उतरणार की सिलांगितला? एवढं कळल्याशिवाय तीन की पाच कसं सांगू?

जालनेकर :
एवढा पैसा घालवून सुमात्रा कशाला? ज्वालामुखीचं सरोवर आपल्या दारात आहे. जालन्याहून मंठ्यावरून गाडी काढा, लोणार. सकाळी निघालं की दैत्यसुदनाचं मंदिर बघून संध्याकाळी घरी.

भूगर्भ_गुरुजी :
जालनेकर, लोणार ज्वालामुखीचं नाही. ते अशनीच्या आघातानं झालेलं विवर आहे, व्यास सुमारे 1.8 किलोमीटर. खडक मात्र ज्वालामुखीचा, म्हणजे आपला काळा पत्थर, बसाल्ट. त्यामुळं पूर्वी भले भले ते ज्वालामुखीचंच समजत. तिथं आघातानं काचेसारखं झालेलं खनिज सापडलं, तेव्हा प्रश्न मिटला. अशनी थेट बसाल्टवर आदळून झालेली विवरं जगात मोजकीच आहेत. आपल्या भागातल्या माणसाला तरी हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

जालनेकर :
आमच्या आजोबांपासून ज्वालामुखीच ऐकत आलोय. आणि लोणार बुलढाण्यात, म्हणजे विदर्भात, हेही मला माहीत आहे. जवळचं सोडून लांब का जायचं, एवढंच माझं म्हणणं.

गुलमंडी :
लोणार चार वेळा पाहिलंय. प्रश्न टोबाचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत जायलोय. दोघं. विमानतळ कोणता तेच तर विचारायलोय.

रायडर_नांदेड :
दोघं म्हणजे काम सोपं! क्वालानामूला उतरा, गाडीनं चार-पाच तासांत पारापात. तिथून बोटीनं तुकतुक गावी, तिथं स्कूटर भाड्यानं घ्या आणि सरोवरातलं सामोसिर बेट पालथं घाला. सरोवर सुमारे 900 मीटर उंचीवर, हवा गार, रस्त्याच्या दोन्ही अंगाला भातखाचरं, मधूनच टोकदार छपरांची घरं. मी तीन दिवसांत सगळं पाहिलं. ज्या गावात वाटेल तिथं थांबायचं, पोरं "होरास!" म्हणून हात करतात, आपणही "होरास" म्हणायचं.

लातूरची_लेक :
दिवाळीत तिकडं जोराचा पाऊस असतो, स्कूटरवर फिरायचे दिवस नाहीत ते. दुपारनंतर आभाळ भरून येतं, म्हणून फिरणं सकाळी उरका.
मी नवऱ्यासोबत गेले होते. सामोसिरवरच्या तोमोक गावी सिगाले-गाले, म्हणजे लाकडी बाहुल्याचा नाच, पाहिला. अपत्य न ठेवता गेलेल्या माणसासाठी पूर्वी हा बाहुला नाचवत. आता पर्यटकांनी पैसे भरले की नाचवतात. मला फार वाईट वाटलं. "मूळ संस्कृती" बघायला जाणाऱ्यांनी एवढं समजून जावं.

परभणी_ते_पिनांग :
ताई, पैसे घेऊन नाचवला म्हणून तो खोटा होत नाही. आपल्याकडं गोंधळी बिदागी घेतोच की.
आणि दादा, "मूळ लोक" म्हणजे पाड्यावरचे आदिवासी असं डोक्यात ठेवून जाऊ नका. टोबा बाताक लोकांत वकील, प्राध्यापक, सेनाधिकारी सगळे आहेत. बहुतेक सगळे ख्रिस्ती, रविवारी सकाळी चर्चमध्ये अख्खं गाव गातं, ते जरूर ऐका. पण कूळ मात्र घट्ट धरून आहेत. कुळाला मार्गा म्हणतात, आडनाव तेच. एका मार्गात लग्न होत नाही, आपल्या सगोत्रासारखं. नवा माणूस भेटला की आधी मार्गा विचारतात, मग नातं लावतात, मग बोलणं.
त्यांच्या समाजाची घडी सांगतात ती ऐकून मला माझ्या आजीची चूल आठवली. दालिहान ना तोलू, म्हणजे चुलीचे तीन दगड. एक दगड आपले भाऊबंद, दुसरा ज्या घरची लेक आपण केली ते, तिसरा ज्या घरी आपली लेक दिली ते. एक दगड हलला तर भांडं कलंडतं. लेक देणाऱ्या घराचा मान सगळ्यांत मोठा. इथं आपल्यापेक्षा उलटं आहे, आपण वरपक्षापुढं वाकतो.

लातूरची_लेक :
हे कुणी सांगितलं नव्हतं मला. आम्ही टूरवाल्याच्या बसमध्ये होतो.

बीड_शाकाहारी :
खाण्याचं काय? डुकराचं मांस सगळीकडं असतं असं ऐकलंय. मी तर कुठंही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा सोबत नेतो. आणि कुकर.

गुलमंडी :
हां, शाकाहारी आहोत, ते लिहायचं राहिलं. आणि सोबत आई आहे. 67 वर्षं, गुडघे दुखतात. बोटीची तिला भीती वाटते.

रायडर_नांदेड :
अहो, हे आधी सांगायचं ना! मी आईला स्कूटरवर बसवायला निघालो होतो. माझा सगळा सल्ला रद्द समजा.

परभणी_ते_पिनांग :
आता चित्र पार बदललं. जून 2018 मध्ये टोबावर क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली बोट बुडाली, दीडशेहून जास्त माणसं परत आली नाहीत. तेव्हा आईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. बोटीशिवाय जाता येतं. सामोसिर पूर्वी बेट नव्हतंच, पश्चिमेला चिंचोळ्या जमिनीनं जोडलेलं होतं. डच काळात तिथं कालवा खोदला, म्हणून बेट झालं. आज त्यावर पूल आहे, पांगुरुरानला. जकार्तामार्गे सिलांगितला उतरा, तिथून दोलोक सांगुल, तेले, मग घाट उतरून पांगुरुरान. गाडी थेट बेटावर.

रायडर_नांदेड :
तेलेचा घाट पावसात? वळणं बघितलीत का? आणि जकार्ताचा वळसा केवढा! मुंबईहून क्वालालंपूर किंवा सिंगापूर, तिथून क्वालानामू, हेच सरळ. पारापातहून बोट पाऊण तासाच्या आसपास. जीवरक्षक जाकीट घालून, सकाळी पाणी शांत असताना आईंना न्या.

परभणी_ते_पिनांग :
घाट दिवसाउजेडी उतरायचा, ड्रायव्हर तिथलाच घ्यायचा. भीती वाटणाऱ्या माणसाला पाण्यावर पाऊण तासही मोठा असतो.

बीड_शाकाहारी :
खाण्याचं कुणी बोललंच नाही.

लातूरची_लेक :
गादो-गादो मागा. उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचं दाट कालवण, आपल्या तोंडाला लागलीच बसतं. टोफू आणि तेंपे मिळतं. मात्र तिखटाच्या सांबालमध्ये बहुतेक वेळा तेरासी असतं, म्हणजे कोळंबीचा कुटलेला गोळा. दिसत नाही, वासावरून कळतं. "साया तिदाक माकान दागिंग, तिदाक माकान इकान", मांस खात नाही, मासे खात नाही, हे कागदावर लिहून ठेवा. मेदानमार्गे गेलात तर तिथल्या मद्रास वस्तीत तमिळ लोकांचं मारिअम्मन मंदिर आहे, 1884 सालचं. आईंना तिथं बरं वाटेल.

भूगर्भ_गुरुजी :
सरोवराबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून लिहितो. सुमारे 74 हजार वर्षांपूर्वी तिथं एवढा मोठा उद्रेक झाला की खालची पोकळी ढासळली, त्या खड्ड्यात पाणी साठलं. लांबी सुमारे 100 किलोमीटर, खोली 500 मीटरच्या वर. आपल्या नाथसागराच्या तिपटीहून मोठं. पुढं खालून लाव्हारसानं तळ वर उचलला, तेच सामोसिर. बेटाच्या माथ्यावर सरोवराचा जुना गाळ सापडतो. त्या उद्रेकाची राख भारतापर्यंत आली. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरीला राखेचा थर आहे. ती टोबाच्या याच उद्रेकाची की त्याहून जुन्या, यावर संशोधकांचा वाद आहे.

जालनेकर :
गुरुजी, हे मात्र भारी. बोरीला जाऊन यावं म्हणतो.

परभणी_ते_पिनांग :
गुलमंडी, एक विचारतो. 67 वर्षांच्या आईंना गुडघेदुखीत एवढ्या लांब, पावसात न्यायचा हट्ट कशासाठी? बाली सोपं पडेल.

गुलमंडी :
बाली नको. आई पैठणची. चाळीस वर्षं मागावर बसली. बांगडीमोर, असावली, सगळं हातानं काढायची. गुडघ्यांनी साथ सोडली तसा माग बंद झाला. मागच्या वर्षी माझ्या फोनवर तिनं उलोस, म्हणजे बाताकांचं हातविणीचं कापड, विणणारी बाई पाहिली, तो व्हिडिओ तिनं किती वेळा मागून बघितला असेल. तिचा प्रश्न एकच आहे, ती बाई पाय खाली सोडून बसते का पसरून? व्हिडिओत पायच दिसत नाहीत. म्हणून न्यायचंय.

येवल्याचा_रावा :
पैठणी आता येवल्याचीच म्हणायची, पैठणला माग राहिलेत किती?

गुलमंडी :
तो वाद इथं नको, हात जोडतो.

परभणी_ते_पिनांग :
पाय पसरून, दादा. आपल्या मागासारखा पाय सोडायचा खड्डा नाही, पायानं दाबायची पावडी नाही. जमिनीवर समोर पाय लांब करून बसतात, कमरेमागं पट्टा असतो, अंग मागं रेललं की ताणा घट्ट होतो. मागाचा अर्धा भाग म्हणजे ती बाईच.
आता दिवसांचं सांगता येतं. पाच ठेवा. पांगुरुरानजवळ लुंबान सुही-सुही म्हणून उलोस विणणारी वस्ती आहे, जुन्या घरांच्या ओट्यावर बाया विणत बसलेल्या असतात. तिथं दोन सकाळी द्या. मुक्काम पांगुरुरानलाच करा, तुकतुकला चढ-उतार आणि पायऱ्या फार. एक दिवस सिमानिंदोचं संग्रहालय, ते जुन्या राजाचं घर आहे. रविवार मोकळा ठेवा, त्या दिवशी विणकाम बहुतेक बंद असतं. उरलेला दिवस पावसासाठी. जुन्या घरांचे जिने उभे असतात, आईंना वर चढवू नका. विणकाम खालीच दिसतं.
उलोस विकत घ्याल तेव्हा कशासाठीचा ते विचारून घ्या. लग्नाचा वेगळा, बाळंतिणीचा वेगळा, मयताचा वेगळा. देणारा तो समोरच्याच्या खांद्यावर पांघरतो, म्हणजे ऊब आणि आशीर्वाद दिला.

लातूरची_लेक :
दादा, आईंना सांगा, आम्ही सगळे वाट बघतोय त्या काय म्हणतात त्याची. व्हिसा विमानतळावर मिळतो, पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा. आईंचा तपासा आधी.

गुलमंडी :
आईचा नवाच आहे. सिलांगितचं तिकीट काढलं, पाच रात्री. देवगिरीनं मुंबई, पुढं जकार्ता. तिला पाय पसरून बसतात हे वाचून दाखवलं. गप्प बसली थोडा वेळ, मग म्हणली, "असं तर मला अजून जमंल." आता ट्रंकेतून जुन्या कांड्या आणि पदराचा एक तुकडा काढून बसलीय, त्या बाईला दाखवायला. विमानात हे नेता येतं का? तिची छोटी कात्रीपण आहे.

परभणी_ते_पिनांग :
कांड्या आणि तुकडा हातातल्या पिशवीत. कात्री मोठ्या बॅगेत, कापडात गुंडाळून.