मदत हवी आहे: पगाराची पावती नाही, बांधकामावरच्या अपघाताची भरपाई कशी मागायची?

माझे मामा सेंटरिंगचं (स्लॅबचा साचा बांधायचं) काम करतात. ऑगस्ट 2025 मध्ये पुण्यात एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून परांचीसकट पडले. कमरेला बेल्ट होता, पण तो अडकवायला वर दोरच नव्हता! मणक्याचं ऑपरेशन झालं, आता वजन उचलता येत नाही.

ठेकेदाराने दवाखान्याचं पहिलं बिल भरलं. आता तो स्टॅम्प पेपरवर सही मागतोय, थोडे पैसे घ्या आणि विषय संपवा म्हणून. सही केलेली नाही, करणारही नाही. बिल्डर म्हणतो, माणूस ठेकेदाराचा, आमचा संबंध नाही. पण अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 मध्ये मूळ मालकावरही (म्हणजे ठेकेदाराला काम देणाऱ्यावरही) जबाबदारी येत होती, एवढं वाचलंय. दाव्याची मुदत दोन वर्षांची आहे, आणि राहत्या जिल्ह्यातही दावा करता येतो. म्हणजे बीडमध्येच करू, मामांना पुण्याचा प्रवास झेपणार नाही.

बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होती, नूतनीकरण राहिलं. ईएसआय (कामगार राज्य विमा) नव्हतं. मजुरी रोख मिळायची. हातात आहे ते एवढंच: दवाखान्याची एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची) नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि मुकादमाच्या वहीतल्या हजेरीच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो. सोबतचे मजूर दुसऱ्या साइटवर गेलेत, साक्षीला यायला घाबरतात.

कोणी असा दावा लढवला असेल तर सांगा: मामा तिथे कामाला होते हे सिद्ध करायला हा फोटो आणि एमएलसी पुरते का, की साक्षीदार लागतोच?