मदत हवी आहे: थेंब चालू असूनही डोळ्याचा दाब २४, आता लेझर करावं का?

वडील, वय ६४, खानापूर तालुका. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू, कोन (डोळ्यातलं पाणी निचरतं ती जागा) उघडा असलेला. सुरुवातीचा दाब २८, रात्री लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब. तीन महिन्यांनी २४. बेळगावच्या डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत, टिमोलॉल हा दुसरा थेंब जोडायचा नाहीतर एसएलटी लेझर (निचरा सुधारणारं). वडिलांना दमा आहे. काय करावं?

प्रतिसाद १
दम्याचं डॉक्टरांच्या कानावर घातलंय का? नसेल तर आजच फोन करा. टिमोलॉल डोळ्यातून नाकात उतरतं, तिथून रक्तात. दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात, नाडीही मंदावते. अशांना बहुधा डॉर्झोलामाइड किंवा ब्रिन्झोलामाइडचे थेंब देतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधी सांगा.

प्रतिसाद २
लेझर म्हणजे नेमकं कुठलं, ते कागदावर लिहून घ्या. कोन बंद असला की बुबुळाला छिद्र पाडतात, ते वेगळं. एसएलटी उघड्या कोनासाठी. बधिर करणारा थेंब टाकून पाच-दहा मिनिटांत होतं, ॲडमिट व्हावं लागत नाही, तासाभराने दाब मोजून घरी सोडतात. गुण कळायला चार-सहा आठवडे लागतात, म्हणून मनानेच थेंब बंद करू नका. परिणाम काही वर्षांनी ओसरतो, पण पुन्हा करता येतं. २०१९ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात, सुरुवातीलाच एसएलटी केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना तीन वर्षांनंतरही थेंबांविना दाब आटोक्यात ठेवता आला. गेलेली नजर मात्र कशानेच परतत नाही.

प्रतिसाद ३
आधी बाटली बघा. अडीच मिलीत साधारण ८० थेंब, म्हणजे दोन डोळ्यांना ४० दिवस. वीस दिवसांत संपली तर अर्धं औषध गालावर जातंय. दोन महिने पुरली तर रात्री चुकताहेत.

धागाकर्ता
बाटली दोन महिन्यांपूर्वी फोडलीय, अजून थोडं औषध शिल्लक आहे. खिडकीत असते.

प्रतिसाद ३
मग २४ चं कारण तिथंच असू शकतं. न फोडलेली बाटली फ्रिजमध्ये, फोडलेली २५ अंशांखाली, उन्हापासून लांब. फोडल्यापासून चार ते सहा आठवड्यांत टाकायची, लेबलवर असतं; तारीख बाटलीवर पेनने लिहा. खालची पापणी ओढून एकच थेंब, टोक डोळ्याला लावायचं नाही, डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. घशात कडू लागलं तर बोट चुकलंय. दुसरं औषध पाच मिनिटांनी. हे सगळं डॉक्टरांना सांगून नवी बाटली घ्या आणि महिनाभराने दाब पुन्हा मोजून मागा. लेझर करायचंच ठरलं, तर ते त्या आकड्यावर ठरू दे.