यंत्रणेच्या ताब्यातला समाज पडद्यावर पाहताना : अनुभव धागा

तंत्रज्ञानाच्या ताब्यात गेलेल्या समाजाचे विज्ञानपट आपण पुष्कळ पाहतो, पण त्यांविषयीची चर्चा बहुधा यंत्रमानव आणि कोणते भाकीत खरे ठरले यांतच अडकते. या धाग्यात जरा वेगळे लिहावे, अशी विनंती आहे. यंत्राजवळ बसलेला किंवा यंत्रासमोर उभा राहिलेला माणूस पाहताना तुम्हाला स्वतःचे काय आठवले? कथानक उघड करण्यास हरकत नाही. हे चित्रपट आता पुरेसे जुने आहेत.

पेन्शनरांचा मुलगा

टेरी गिलियम यांच्या ‘ब्राझील’ (१९८५) मध्ये एक किडा छपाईयंत्रात पडतो, ‘टटल’चे ‘बटल’ होते आणि एका निरपराध माणसाला घरातून उचलून नेले जाते. इथपर्यंत हसू येते. पण त्याच्या बायकोकडून त्याच वेळी पावतीवर सही घेतली जाते आणि पुढे चौकशीचा खर्च जादा आकारला गेला म्हणून परताव्याचा धनादेशही तिला घरपोच मिळतो, तेव्हा माझे हसू थांबले.

माझ्या वडिलांची पेन्शन एकदा अचानक बंद झाली, कारण नोंदीत ते मयत होते. ते स्वतः खिडकीपाशी उभे असताना पलीकडचा कर्मचारी अगदी नम्रपणे म्हणाला, “काका, तुम्ही मला दिसताय हो, पण सिस्टीम घेत नाही.” त्याने स्क्रीन वळवून दाखवलीही : नावासमोरची चौकट राखाडी झाली होती आणि कितीही क्लिक केले तरी ती हलत नव्हती. हयातीचा दाखला जोडायला खाते चालू हवे, आणि खाते चालू करायला हयातीचा दाखला हवा. त्या माणसावर रागावताही येईना. गिलियम यांनी हेच नेमके पकडले आहे. त्यांच्या चित्रपटात छळ करणारा अधिकारीसुद्धा हसतमुख, कुटुंबवत्सल मित्र आहे.

प्रयोगशाळेत काम करणारी

‘गॅटाका’ (१९९७) मध्ये बाळ जन्मताच रक्ताच्या थेंबावरून त्याचे अपेक्षित आयुष्य सांगितले जाते : ३०.२ वर्षे. मोठेपणी तोच व्हिन्सेंट दुसऱ्याचे रक्त आणि लघवी वापरून अंतराळ मोहिमेपर्यंत पोहोचतो. शेवटच्या तपासणीत त्याचा खरा नमुना पकडला जातो, आणि डॉक्टर तो पाहूनही त्याला जाऊ देतात.

रोज नमुने तपासणारी म्हणून मला हे पटता कामा नये, कारण हृदय कमकुवत असण्याची शक्यता दडवून यानात बसणे सहप्रवाशांच्याही जिवाशी खेळ आहे. (नायकाच्या चाहत्यांनी यावर रागवावे, माझी तयारी आहे.) तरीही तो प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहते. अहवालावर सही करताना आकड्यापलीकडचा माणूस मला कधीच दिसत नाही. त्या डॉक्टरांना तो समोर उभा दिसत होता.

हिशेब विभागातून

थोडक्यात लिहितो. जॉर्ज लुकास यांच्या ‘टीएचएक्स ११३८’ (१९७१) मध्ये पळून जाणाऱ्या नायकाचा पाठलाग सोडून दिला जातो, कारण मोहिमेचा खर्च मंजूर रकमेपेक्षा जास्त होतो. चित्रपटगृहात एकटा मीच मोठ्याने हसलो.

पाळीत काम करणारा

फ्रिट्झ लँग यांच्या ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) मध्ये मालकाचा मुलगा थकलेल्या मजुराची जागा घेतो आणि घड्याळासारख्या प्रचंड तबकडीचे काटे पेटणाऱ्या दिव्यांकडे ओढत राहतो. ते काटे कशासाठी ओढायचे, हे पाहणाऱ्याला कळत नाही. नियंत्रण कक्षात रात्रपाळी करणाऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही : दिवा लागला की बटण दाबायचे, नोंद करायची आणि पुढच्या दिव्याची वाट पाहायची. पहाटेच्या सुमारास हात आपोआप चालतो, डोके मागे राहते.

शेवट मात्र मला मुळीच पटला नाही, आणि पुढे खुद्द लँग यांनीही त्याविषयी नापसंती व्यक्त केली होती. मालक आणि मुकादम यांचे हस्तांदोलन होते. ज्याची जागा त्या मुलाने घेतली होती, त्या मजुराची पाळी किती तासांची राहणार, हे कोणी विचारत नाही.